बाण पोचूचा, बसणं बुधरीचं

पोचू सिडाम रानात चालायचा म्हणजे काय करायचा, तर बहुतेक वेळ उभा राहायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर शिकारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भलतंच काहीतरी येतं. जीपगाडी, झगझगीत दिवा, धाडधाड बंदूक, आणि मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेला फोटो. त्या काळात चांद्याकडून असले साहेब लोक यायचे बरं का, नाही असं नाही. गाडीतून खाली न उतरता जनावर पाडायचे आणि वर मिशीला पीळ द्यायचे. त्याला शिकार म्हणायचं असेल तर मग कोंबडी कापण्यालाही लढाई म्हणा! पोचू त्यातला नव्हता.

मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन चार-दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारी वाट सोडून आत शिरलं की येरमटोला म्हणून एक गाव होतं. गाव कसलं, सागाच्या आणि येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, रानात सांडलेली मूठभर घरं. पुढे धानाच्या बांध्या, मागे रान. पोचू तिथला. अंगानं वाळका, बोलण्यात कंजूस, आणि पाय असे की पाचोळ्यावरून गेला तरी मागे बसलेल्या कुत्र्याला कळू नये.

त्याची रीत ठरलेली. उजाडता उजाडता तिरकमठा खांद्याला अडकवायचा, कमरेला राखेची पुरचुंडी बांधायची आणि निघायचं. कुत्रं नाही, हाका घालायला माणसं नाहीत, मचाण नाही. रानात शिरलं की आधी पुरचुंडी हवेत हलकेच झटकायची आणि राख कुठं उडते ते बघायचं. राख आपल्या तोंडावर आली म्हणजे वारा जनावराकडून आपल्याकडे वाहतोय, काम फत्ते. मग पाऊल. आधी पायाची बाहेरची कड टेकवायची, मग बोटं, मग टाच. खाली काडी लागली तर भार न टाकता पाय तसाच उचलून दुसरीकडे ठेवायचा. दोन-चार पावलं झाली की उभं राहायचं. किती वेळ? तर डोक्यावरच्या फांदीवरलं पाखरू आपल्याला विसरून पुन्हा बोलायला लागेपर्यंत.

असं उभं राहता राहता पोचूला कधी कधी वाटायचं, की आपण चालतच नाही आहोत. आपण आहोत तिथंच आहोत, आणि रान हळूहळू आपल्या अंगावरून मागं सरकतंय. आधी धावडा सरकतो, मग त्यामागचा मोह, मग नाल्याचा उतार. ऊन झाडांतून खाली उतरतं, पायावर येतं, पायावरून निघून जातं. अशा वेळी तो कोण, कुठला, कोणाचा, हे सगळं त्याच्यातून निघून जायचं. मग कधीतरी झुडपात एक कान हलायचा. नुसता कान. आणि त्या कानाभोवती हळूहळू अख्खं चितळ उभं राहायचं. पोचूला तो क्षण बाण सोडण्यापेक्षाही आवडायचा. पण हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावानं वेड्यातच काढला असता.

हे झालं रानातलं. पण येरमटोल्याच्या शिकारीचा दुसरा अर्धा भाग घरात असायचा, आणि तो बाईनं करायचा.

तो असा. पुरुष एकटा पायी शिकारीला निघाला, की त्याच्या बायकोनं चुलीजवळच्या मेढीला, म्हणजे घराच्या मधल्या लाकडी खांबाला, पाठ टेकून बसायचं. बसायचं म्हणजे बसायचं! झाडलोट नाही, वेणीफणी नाही, पाण्याला जाणं नाही. तो परत येईस्तोवर बूड हलवायचं नाही. कारण रानात जनावराला जी थारेवारी, म्हणजे एका जागी ठरून राहणं, लागते, ती घरातून जाते. बाई बसली तर जनावर उभं राहतं, आणि बाई उठली की जनावर उधळतं. सासूनं सुनेला सांगायचं, तिनं तिच्या सुनेला. आता हे ऐकून तुम्ही हसाल. हसा बापडे. पण त्या गावात यावर कोणी हसत नव्हतं.

पोचूची बायको बुधरी. लग्न होऊन आली तेव्हा सडपातळ, काळीभोर, बोलकी पोरगी होती. ती आल्यावर पोचू पहिल्यांदा शिकारीला गेला, ते हात हलवत परत आला. नाल्याकाठी चितळाचा कळप अगदी टप्प्यात आला होता, आणि ऐन वेळी उधळला. दारात पाऊल ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "उठली होतीस का वं?"

त्यांचं बोलणं गोंडीतलं, इथं आपल्या झाडीबोलीत सांगितलंय, एवढंच.

बुधरीनं खाली मान घातली. "उठली होती जी. वासरू सुटलं होतं."

पोचू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

मग ते तसंच चालू राहिलं, संसारभर. जनावर मिळालं की गावभर वाटा जायचा, डोकं गावाच्या पेनाला, म्हणजे देवाला, दाखवून मग शिजायचं, पोचूचं नाव व्हायचं. जनावर उधळलं की घरी येऊन तोच प्रश्न, आणि बुधरीचं तेच उत्तर, कारण मात्र दर वेळी नवं. कधी ढोल्यातल्या, म्हणजे कणगीतल्या, धानात कोंबडी शिरली. कधी शेजारच्या नीलाबाईचं पोरगं पडलं. एकदा तर तिचं पाऊल सुजून टम्म झालेलं पोचूनं डोळ्यांनी पाहिलं. "विंचू चावला जी," ती म्हणाली, "म्हून उठली." पोचूनं विंचवावरचा पाला आणून ठेचून बांधला खरा, पण बांधताना तोंड फुगलेलंच होतं. चितळ तर गेलंच होतं ना!

हळूहळू गावात दोघांचंही नाव झालं. पोचूचं झालं ते पायाचा पक्का म्हणून. बुधरीचं झालं भिंगरी म्हणून. चैतू नावाचा एक चहाडखोर माणूस होता गावात, तो तर पाणवठ्यावर मोठ्यानं म्हणायचा, "बुधरीबाईले एक घडी बसवत नाई, नाईतर पोचूभाऊनं रान खाली केलं असतं!" बायका हसायच्या. बुधरीही हसायची, घागर डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायची. तिला वाईट वाटत असेल असं पोचूच्या कधी मनातही आलं नाही. पुरुषांचं हे असंच असतं, आपल्या पायाखालची काडी दिसते, शेजारच्या माणसाचं तोंड दिसत नाही.

दिवस गेले. त्यांची पोरगी लग्न होऊन एटापल्लीकडे गेली. घरात दोघंच उरली. आणि एका पुसात, ऐन थंडीत, बुधरीला ताप भरला.

ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. वैदूनं मुळी दिली, पेनापुढं कोंबडा झाला, पोचू धानोऱ्याला जाऊन दवाखान्यातल्या कडू गोळ्या घेऊन आला. अखेर ताप गेला, पण जाताना बाईला सोबतच घेऊन गेल्यासारखा गेला. बुधरी बाजेवर पडून राहायची. पेज तोंडाशी नेली तरी मान फिरवायची. नीलाबाई रोज येऊन बसायची, पाणी पाजायची आणि बाहेर येऊन पोचूला म्हणायची, "भाऊ, पोटात काई गेल्याबिगर मानूस कसं वाचन?" पोचू आपला अंगणात बसून बाणाचं टोक घासत राहायचा. टोक कधीचंच धारदार झालं होतं.

फागून सरत आला. रानात पळस पेटला होता, मोह गळायला लागला होता. एका सकाळी बुधरीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "चितळाचा रस्सा प्यावा वाटून राह्यला."

पोचू ताडकन उठला. किती दिवसांनी हिनं काहीतरी मागितलं होतं! तिरकमठा काढायला त्यानं हात वर केला, आणि हात तिथंच थांबला. बसणार कोण?

"मी बसते ना," नीलाबाई म्हणाली.

"तुयं बसनं चालत नाई," बाजेवरून बुधरी बोलली. आवाज बारीक, पण ऐटीत. "त्याहीची बायको मी हावो. मले मेढीजवळ न्या."

दोघांनी मिळून तिला उचललं. पोचूच्या हातांना तिचं वजन लागलंच नाही. मेढीला पाठ लावून, मागे गोधडी देऊन तिला बसवलं. बुधरीनं पाय पोटाशी घेतले, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. "जा तुमी," म्हणाली.

पोचू निघाला. शिकारीला निघालेल्याला कुठं जातोस म्हणून विचारायचं नसतं, म्हणून नीलाबाईनं तोंड भिंतीकडे केलं. वाटेत त्याच्या मनात एक विचार आला. आज तरी ही उठणार नाही. उठायची ताकदच नाही तिच्यात. आज जनावर उभं राहणार, हमखास राहणार. आणि हा विचार आल्याबरोबर त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की वाटेवर कोणी नसताना त्यानं मान खाली घातली.

नाल्यापलीकडे एक जुना मोह होता. त्याची फुलं खायला चितळं सकाळी तिथं यायची. पोचूनं राख झटकली. राख त्याच्या तोंडावर आली. मग पाऊल, मग उभं राहणं, मग पाऊल. मोहाचा गोड, आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. पळसाची फुलं एकेक करून खाली पडत होती, पडताना आवाजही करत नव्हती. पोचू उभा राहिला, आणि रान नेहमीसारखं त्याच्या अंगावरून मागं सरकायला लागलं. त्यात बुधरीही सरकत गेली. घागर घेतलेली बुधरी, बांधीत चिखलात उभी राहून हसणारी बुधरी, पोरीला पाठीशी बांधून मोह वेचणारी बुधरी. सगळ्याच चालत होत्या. एकही बसलेली नव्हती. पोचूला नवल वाटलं. इतक्या वेळा ती त्याच्यासाठी बसली, पण बसलेली त्यानं तिला पाहिली होती कुठं? तो तर तेव्हा रानात असायचा.

कान हलला.

मोहाखाली चितळ उभं होतं. तरणाबांड नर, शिंगांवर अजून मऊ लव. त्याच्या मागे सावलीत आणखी पाच-सहा. पोचूनं श्वास आवरला. एक झाड पुढं, मग दुसरं झाड पुढं. बाण दोरीला लागला. आणि शेवटचं पाऊल टाकताना, येनाच्या वाळल्या पानाआड दडलेली काडी पायाखाली मोडली.

कडाड!

पोचूनं डोळेच मिटले. झालं, गेलं. आता भुंकणार, शेपटीचा पांढरा झेंडा वर करणार, आणि पाय लावून पळणार. त्यानं डोळे उघडले.

चितळ तिथंच होतं.

त्यानं पोचूकडे पाहिलं होतं. सरळ पाहिलं होतं. डोळे काळेभोर, ओले. कान ताठ. पण पाय हलला नाही, शेपटी हलली नाही. वरच्या फांदीवर वानरं होती, तीही गप्प. पोचूच्या मानेला गार वारं लागलं. वारा फिरला होता! आता माणसाचा वास सरळ चितळाच्या नाकात जात होता. तरी ते उभंच. मागची पाच-सहाही उभी. मोहाचं एक फूल त्या नराच्या पाठीवर पडलं, घरंगळून खाली आलं. त्याची कातडीसुद्धा थरथरली नाही.

इतकं थारेवारीचं रान पोचूनं जन्मात पाहिलं नव्हतं.

आधी त्याला हर्ष झाला. तिरकमठ्याची दोरी कानापर्यंत आली. मग दोरी तिथंच थांबली. बाई बसली तर जनावर उभं राहतं, खरं. पण बसलेल्या बाईचाही जीव हलतो की. ती गुडघा बदलते, माशी हाकलते, उसासा टाकते, आणि तेवढं तेवढं जनावरही कान हलवतं, पाय बदलतं. हे चितळ तर काहीच करत नव्हतं. मग घरी ती किती निश्चल बसली असेल? जिवंत माणूस इतकं निश्चल बसतं?

पोचूनं दोरी सैल सोडली.

"पळ," तो चितळाला म्हणाला. रानात तोंड उघडायची त्याची ही पहिलीच वेळ.

चितळ बघत राहिलं.

"पळ ना रे बाप्पा, पळ!" त्यानं पाय आपटला. कमरेची पुरचुंडी सोडून भिरकावली, राखेचा लोट उठला. चितळ जागचं हललं नाही. आता पोचूला काही सुचेना. तिरकमठा त्यानं खाली टाकला, दोन्ही हात वर केले आणि ऊर फुटेस्तोवर ओरडला,

"उठ! बुधरे, उठ वं! उठ!"

आणि चितळ उठल्यासारखं उडालं. भुंकलं, शेपटी वर झाली, सगळा कळप दाणदाण करत नाल्यात उतरला, वानरं खाँक करून ओरडली, मोर केकाटले, अख्खं रान जागं होऊन बोंब मारायला लागलं. पोचू त्या गोंधळाच्या मधोमध उभा राहून रडत होता. ओरडण्यानं पळालं, की ती उठली म्हणून पळालं? ते कळायला एकच जागा होती. तो पळत सुटला.

हो, पळत! ज्याच्या पायाचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता, तो माणूस पाचोळा तुडवत, काड्या मोडत, काट्यात धोतर फाडत घराकडे धावला. बांध्यांत काम करणारी माणसं उभी राहून बघत राहिली. चैतू बांधावर होता. त्यानंही बाजूला होऊन वाट दिली.

घराच्या दारात बुधरी उभी होती.

दोन्ही हातांनी चौकट धरलेली, केस तोंडावर आलेले. मागे नीलाबाई तिला कमरेला धरून ओरडत होती, "आवं, पडशीन ना वं बाई!" पण बुधरीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पोचूच्या रिकाम्या हातांकडे पाहत होती, आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"रागवू नोका जी," ती म्हणाली. "उठली मी. डोळा लागला होता, आन् तुमी कुठूनतरी मले हाक मारून राह्यले असं वाटलं. मंग बसवलंच नाई."

पोचूला धाप लागली होती. "बरं केलंस," त्याला एवढंच म्हणता आलं. "लय बरं केलंस वं."

"आज खरंच उठली होती," बुधरी म्हणाली.

पोचू तिला धरायला पुढं झाला होता, तो मध्येच थांबला. आज खरंच? त्यानं तिच्याकडे पाहिलं. बुधरीनं जीभ चावली. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

त्यानं तिला आत नेलं, बाजेवर बसवलं. नीलाबाई पाणी आणायला गेली. पोचू मेढीपाशी, जिथं मघा ती बसली होती तिथं, मटकन खाली बसला. मग त्यानं विचारलं, "मंग ते वासरू?"

"बांधूनच होतं."

"कोंबडी?"

"कोंबडी कायची जी. ढोल्यावर झाकन होतं."

"तर मंग तू..." रानातल्या एकेका उधळलेल्या कळपामागची काडी त्याला आठवायला लागली. एकेक काडी. मोडल्याचं त्याला तेव्हाही ऐकू आलं होतं की. पण घरी येईपर्यंत ती काडी तो विसरून जायचा, कारण घरी विचारायला प्रश्न तयार असायचा. "काऊन सांगत होतीस मंग? लोकं हसत होते तुले."

"मले हसले तर काय होते?" बुधरी म्हणाली. "तुमाले हसले असते तर तुमी रानात जानं सोडलं असतं. आन् रान सोडून तुमी जगले असते का?"

पोचूनं तिच्या पावलाकडे पाहिलं. हलक्या आवाजात, जणू उत्तर ऐकायची भीती वाटत असल्यासारखं, त्यानं विचारलं, "आन् विंचू?"

बुधरी हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"विंचू होता जी. चावला बी. पन मी उठली नाई."

पोचू मेढीला टेकून बसून राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. ऊन दारातून आत आलं, त्याच्या पायावर चढलं, पायावरून पलीकडे गेलं. बाहेर पाखरू बोलायला लागलं.

"आता उठा तुमी," बुधरी म्हणाली. "चितळ नसलं तं नसलं, पेज तरी मांडा. मले भूक लागून राह्यली."

पोचू उठला.